रंगलेला तास

तास रंगला की आम्हा शिकवणाऱ्यांची छाती फुगते, आणि अभिप्रायात 'सर छान समजावतात' असं आलं की विचारायलाच नको. अमेरिकी विद्यापीठांत या अभिप्रायाला नेमणूक आणि बढतीतही वजन असतं. पण विद्यार्थ्याला आपण शिकलो असं वाटणं आणि तो शिकलेला असणं यांत किती अंतर पडतं, हे हार्वर्डमध्ये लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजलं गेलं. भौतिकशास्त्राचा तोच भाग, तीच उदाहरणं. एका गटासमोर अनुभवी शिक्षकाने ती सफाईने सोडवली, दुसऱ्याला आधी स्वतः झटावं लागलं. पुढच्या तासाला गटांची अदलाबदल झाली. झटणाऱ्यांना चाचणीत गुण जास्त पडले, आणि आपण कमी शिकलो असंही त्यांनाच वाटलं.

दोन तासांवरून एवढा निष्कर्ष कसा काढायचा, तोही हार्वर्डच्या निवडक मुलांवरून? आक्षेप रास्त आहे. पण हे दुखणं तिथलंच नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या १७७ विद्यार्थ्यांना अभ्यासाची रीत विचारली, तेव्हा ८४ टक्क्यांनी टिपणं पुन्हा वाचतो असं सांगितलं. न बघता आठवून पाहणारे निघाले ११ टक्के. हा निष्कर्ष २००९चा. पुन्हा वाचलेली ओळ ओळखीची वाटते, आणि ती ओळखच ज्ञान म्हणून खपते.

फळ्यावर काय निसटतं ते पाहा. भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित. शिक्षक शिडीच्या पायथ्याशी आघूर्ण, म्हणजे बलांचा फिरवण्याचा परिणाम, घेतो. तिथली दोन अज्ञात बलं आपोआप गळतात, उत्तर दोन ओळींत येतं. मुलं दोन्ही ओळी उतरवतात. बिंदू पायथ्याचाच का, हा सगळ्या गणितातला एकच खरा निर्णय, आणि तो वहीत कुठेच नसतो. शिक्षक जितका सफाईदार, तितका तो निर्णय अदृश्य. म्हणून कोचिंग क्लासच्या झकपक व्हिडिओंबद्दल माझं मत फारसं बरं नाही, आणि त्यांना नावं ठेवताना थोडा मत्सरही असतो.

मग वक्तृत्व मोडीत काढायचं? नाही, झटून अडलेल्या मुलाला नेमकं स्पष्टीकरण हवंच असतं, फक्त ते केव्हा द्यायचं हेच अवघड. लवकर दिलं तर निर्णय हिरावला जातो, उशीर झाला तर मूल वैतागून मोबाइल काढतं. ही वेळ प्रत्येक बाकावर वेगळी असते, आणि वर्गात बाकं तर पुष्कळ.