घसरगाडी

आमच्या लष्करात छोट्या गाडीचे कौतुक नवे नाही. जयविलास महालातल्या लांबलचक जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी आहे. रुळांवरून ती पाहुण्यांपुढून फिरे. तिच्यात मद्याच्या काचेच्या सुरया असत. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. माधवराव महाराजांना आगगाडीचा नादच तसा. दोन फुटी रुळांवरची खरी गाडीही त्यांनी संस्थानात दूरवर नेली. श्योपूरची सुमारे २०० किलोमीटरची ती वाट २०२० मध्ये बंद पडली. माझे वडील त्या गाडीच्या शेडमध्ये फिटर होते. गाडी रुळावर राहावी, एवढ्यासाठी आमच्या घराला पगार मिळे. आणि त्याच घरात आता तेरा वर्षांच्या नातवाला मुद्दाम घसरणारी गाडी हवी झाली!

हा प्रकार मूळचा जपानचा. कुनिमित्सु ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात शर्यतीत वळणावर मोटार तिरपी घसरवत नेण्याची तऱ्हा रूढ केली, पुढे केइची त्सुचिया यांनी ती घाटरस्त्यांवरून जगभर पोचवली. मागची बाजू बाहेर फेकली जाते, आणि पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरून चालक गाडी सावरतो. पावसाळ्यात चिखलातून सायकल हाणलेल्याला हे निराळे सांगायला नको. तेच आता एक-दशांश आकाराच्या, रेडिओवर चालणाऱ्या गाडीत करतात.

निवडीवरून घरात चार दिवस खल झाला. चारही चाकांना जोर असलेली गाडी शिकाऊ माणसाला सांभाळून घेते. टामियाची 'टीटी-०२डी' त्या जातीची. मागच्या दोनच चाकांना जोर असलेली गाडी खऱ्या मोटारीसारखी घसरते, पण भिंगरीसारखी गरकन फिरते, म्हणून तिला जायरो लागतो. माझा कौल पहिलीला होता. नातू म्हणाला, "आजोबा, चार चाकांवर जे शिकीन, ते पुढे विसरावं लागेल." मुद्दा बिनतोड होता. मागच्या चाकांची ठरली.

मग तयार गाडी की सुटे भाग? सूनबाई तयारच्या बाजूने होत्या, आणि त्यांचे कारण मला ठाऊक होते. गेल्या वर्षी मला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. तेव्हापासून उजवा हात थरथरतो; चहाची बशीसुद्धा वाजते. तीन मिलिमीटरचे पेच माझ्याने कसले बसणार? पण पोरगा अडून बसला. "तुम्ही सांगा, मी फिरवतो." सुटे भाग घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे, खोक्यावरची किंमत हा निम्माच हिशेब असतो. मोटर, सर्व्हो, जायरो, रेडिओ, बॅटरी, चार्जर हे बहुधा वेगळे घ्यावे लागते. माझी महिन्याची पेन्शन त्यात सहज विरघळली.

तुम्हा सीमाभागातल्या वाचकांचा भाषेचा प्रश्न कचेऱ्यांतला आणि मोर्चांतला. आमचा अगदी घरगुती. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली तेव्हापासून लष्करात मराठी आहे, पण आमचा नातू बाड्यावर हिंदी बोलतो आणि घरातही हिंदीतच उत्तर देतो, मराठी आजोबांपुरती. या गाडीने मात्र त्याला माझ्या तोंडाकडे पाहायला लावले, कारण हात माझा चालत नव्हता. आटा, पाना, पाचर, ढिलाई, गाळा हे सगळे शब्द वडिलांच्या शेडमधले. प्लॅस्टिकमध्ये पेच बसवताना आधी तो उलटा फिरवायचा. टक् करून आटा सापडला की मग सुलटा. नाहीतर नवीन आटा पडतो आणि भाग कायमचा ढिला होतो. वडिलांनी मला हे पितळी नटावर शिकवले होते.

जुळणीतही क्रम आहे. सर्व्होला आधी वीज देऊन मध्यावर आणायचा, मगच त्याचा दांडा बसवायचा. पुढची चाके दोन्ही बाजूंना सारखीच वळली पाहिजेत. जायरोची परीक्षा सोपी. गाडी हातात धरून तिचे नाक डावीकडे फिरवा, चाके आपणहून उजवीकडे वळली पाहिजेत. त्याच बाजूला वळली तर जायरोची दिशा उलटी करायची. बॅटरी दोन पेशींची, भरली की ८.४ व्होल्ट, ठेवून द्यायची तर प्रत्येक पेशी ३.८ च्या आसपास. चार्ज होताना शेजारी बसायचे, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. काटकसर इथे नको.

टायर कडक प्लॅस्टिकचे असतात, रबराचे नव्हे. पकड कमी हवी म्हणूनच. आमचे अंगण ग्वाल्हेरी दगडाचे, खरबरीत. तिथे ते झिजले असते. बैठकीतली फरशी गुळगुळीत. रोज झाडून घेतली की झाले. रेडिओवर वेग निम्म्यावर बांधून टाकला. तक्रार झाली, पण ऐकून घेतले नाही.

पहिल्या दिवशी पुढची चाके थरथरू लागली. जायरोचा जोर फार ठेवला की असे होते, आपल्याच दुरुस्त्यांची तो पुन्हा दुरुस्ती करत बसतो. पोराने कळ थोडी थोडी मागे घेतली. थरथर थांबली तेव्हा त्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि पटकन नजर काढली. मी म्हटले, "याची कळ सापडली तर सांग." तो हसला. मग म्हणाला, "शोधू आपण." मराठीत म्हणाला.

सध्या मध्ये तांब्या ठेवून त्याच्याभोवती फेऱ्या चालतात. डावीकडून सलग ११ झाल्या आहेत, उजवीकडून तीनच. सूनबाईंचा तांब्या दोन ठिकाणी चेपला आहे. पुढच्या आठवड्यात दोन तांबे ठेवून आठाचा आकडा काढायचा बेत आहे.