रोवणा आणि विश्वास

दुष्काळात आई-बाप गमावलेल्या पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्या नुसती प्रार्थना करून बसल्या नाहीत. मध्य प्रांतात आल्या, उपाशी पोरीबायांना सोबत नेलं. केडगावच्या मुक्तीत त्यांना घर अन् काम मिळालं. आमचं गोंदियाही तेव्हा मध्य प्रांतातच होतं.

याकोबाचं पत्र हेच विचारतं: उपाशी माणसाला कोरडा आशीर्वाद देऊन उपयोग काय?

आमच्याकडे ह्याची परीक्षा रोवण्यात होते. परे वाढले की थांबत नाहीत. यंदा शेजारच्या काकू एकट्याच, मजूर मिळेना. ‘देव पाहून घेईल, काकू,’ म्हणणं सोपं होतं. आमचीच बांधी अर्धी राहिली होती. तरी आम्ही तिघं त्यांच्या चिखलात उतरलो. आमचं काम दोन दिवस मागे पडलं. काकूंचा रोवणा आटोपला.