चौकट कोठे हरवते?

संगणकावरील खेळ खेळत असतानाच त्याचे चित्र दूरदूरच्या प्रेक्षकांच्या पडद्यावर पोहोचविणे आज इतके सर्रास झाले आहे, की त्यामागे किती कामे एकामागून एक आणि ठरल्या मुदतीत उरकावी लागतात, याची जाणीव खेळणाऱ्यालाही क्वचितच असते. सेकंदाला ६० चौकटी पाठवायच्या म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. खेळाने दृश्य रेखाटावे, ओबीएस स्टुडिओसारख्या प्रणालीने त्यावर कॅमेऱ्यातील चेहरा आणि इतर पाट्या चढवाव्यात, एन्कोडरने त्या साऱ्याचा संकोच (कॉम्प्रेशन) करावा आणि इंटरनेटच्या तारेने ते पुढे रवाना करावे, अशा या साखळीत प्रत्येक टप्प्याला दर चौकटीमागे तेवढाच अवकाश मिळतो. आणि एकही टप्पा मागे पडला, की प्रेक्षकाला अडखळणारे चित्र दिसू लागते.

ही प्रक्षेपणे दुरुस्त करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे दोन तक्रारी माझ्या कानी नित्य येतात. ‘स्ट्रीम अटकतेय’ ही एक, आणि ‘चित्र फुटतंय’ ही दुसरी. सांगणारा बहुधा दोन्ही एका दमात सांगतो. परंतु त्यांची मुळे भिन्न आहेत, इतकेच नव्हे, तर एकीवरचा इलाज दुसरीला अपायकारक ठरतो. चित्र फुटते म्हणून बिटरेट वाढवावा, तर अशक्त लाइनीवर ते अटकू लागते. अटकते म्हणून एन्कोडरला घाईचा प्रीसेट द्यावा, तर तितक्याच बिटरेटमध्ये ते अधिक फुटते. म्हणून कोणत्याही सेटिंगमध्ये फेरफार करण्यापूर्वी चौकट नेमकी कोठे हरवते याची रुजवात घालावी, असा माझा प्रत्येकाला आग्रह असतो.

ही रुजवात घालण्याचे साधन ओबीएसमध्येच आहे. तेथील स्टॅट्सच्या खिडकीत तीन निरनिराळे हिशेब सतत चालू असतात: चित्र सिद्ध होतानाच चुकलेल्या चौकटी, एन्कोडरला न झेपल्यामुळे वगळलेल्या चौकटी, आणि नेटवर्कमुळे गळालेल्या चौकटी. मधल्या रकान्यासंबंधी फार लिहिण्याचे कारण नाही. संकोचाचे काम प्रोसेसरवरील एक्स२६४ कडे असेल तर अधिक वेगाचा प्रीसेट घ्यावा, किंवा ते काम ग्राफिक्स कार्डावरील एनव्हीएन्कसारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवावे. मामला बहुधा तेथेच मिटतो.

नेटवर्कच्या रकान्यात मात्र लोकांची एक समजूत आड येते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला वेग पुष्कळदा डाउनलोडचा असतो, आणि आपले सारे काम अपलोडवर चालते. शिवाय क्षणभर मिळणारा वेग आणि तीन तास टिकणारा वेग यांत पुष्कळ अंतर असते, म्हणून टिकणाऱ्या अपलोडच्या तीनचतुर्थांशापलीकडे बिटरेट नेऊ नये. चित्र वाहून नेणारा आरटीएमपी हा टीसीपीवर चालत असल्याने हरवलेले डेटाचे पाकीट पुन्हा पाठविल्याखेरीज मागचे पुढे सरकत नाही. वायफायवर अशी हरवाहरव सुरू झाली की रांग तुंबते, आणि रांग फारच लांबली की ओबीएस आपण होऊन चौकटी टाकून देते. राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल ओढल्याने जितकी प्रक्षेपणे सुधारलेली मी पाहिली आहेत, तितकी महागड्या सामग्रीने सुधारलेली पाहिली नाहीत.

पण सर्वाधिक दिशाभूल करतो तो चित्र सिद्ध होण्याचा रकाना. इचलकरंजीच्या एका तरुणाने मला सांगितले, “काका, कंपनी बदलली, राउटर नवा आणला, तरी गाडीत बसलो की चित्र अडखळतंच.” त्याची स्टॅट्सची खिडकी उघडून पाहिली, तो नेटवर्कच्या रकान्यात निखळ शून्य, आणि पहिल्या रकान्यातील आकडा मात्र खेळातील गाडी धावू लागताच भराभर चढत होता. खेळाला वेगाची कोणतीच मर्यादा घातलेली नसल्यामुळे ग्राफिक्स कार्डाची ९९ टक्के शक्ती तो एकटाच वापरीत होता. आणि चौकटीवर चेहरा व पाट्या चढविण्यासाठी ओबीएसला त्याच कार्डाचा जो अल्पसा वाटा लागतो, त्याची तरतूदच उरली नव्हती. खेळाला सेकंदाला १२० चौकटींची मर्यादा घातली, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालविले (तसे केल्यास विंडोज त्याला कार्डावर अग्रक्रम देते), आणि तो आकडा जागच्या जागी थांबला.

१२० हाच आकडा का, याचेही कारण आहे. १४४ चौकटींच्या खेळातून ६० चौकटी उचलायच्या म्हटल्या, तर दोन उचलींमध्ये कधी दोन तर कधी तीन चौकटींचे अंतर पडते, आणि तिन्ही रकाने निष्कलंक असूनही कॅमेरा फिरताना चित्र हिसके देते. १२० मधून ६० उचलताना अंतर सारखे राहते. हिसक्यांचा हा दोष कोणत्याही खिडकीत नोंदला जात नाही, तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो.

आता फुटणाऱ्या चित्राकडे वळू. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या ६० चौकटी म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदू होतात. ट्विचच्या मार्गदर्शनात अशा चित्रासाठी सांगितलेला बिटरेट ६००० किलोबिट, म्हणजे सेकंदाला ६० लाख बिट. भागाकार केला तर एका बिंदूच्या वाट्याला एका बिटाचा विसावा हिस्साही येत नाही. एवढ्या तुटपुंज्या शिल्लकीवर चित्र उभे राहते, ते एन्कोडर मागील चौकटीवरून पुढील चौकटीचे अनुमान करतो म्हणून. व्हॅलोरंटच्या सपाट भिंतींवर हे अनुमान सुखेनैव चालते; परंतु पबजीच्या एरँगेल या नकाशात गवतातून कोणी धावू लागला, की प्रत्येक पाते निराळे हलते, अनुमान कोसळते आणि हिरवा चिखल दिसतो. तोच संगणक, तीच लाइन आणि तेच सेटिंग एका खेळात उत्तम व दुसऱ्यात टाकाऊ का वाटते, याचा उलगडा येथे होतो.

यावर माझे मत ठाम आहे: ६००० किलोबिटांत गवताळ आणि धावपळीचा खेळ दाखवायचा असेल, तर १०८०पीचा हट्ट सोडावा. ७२०पीवर त्याच बिटांतून प्रत्येक बिंदूला नवव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे दुपटीहून अधिक मिळते. मधला मार्ग हवा असल्यास १६६४ गुणिले ९३६ चा पर्याय आहे. आउटपुट लहान करताना लँक्झोस गाळणी निवडावी, कारण खेळातील बारीक अक्षरे तिने अधिक रेखीव राहतात. तरुणांना १०८०पी हा प्रतिष्ठेचा प्रश्न वाटतो, हे मी जाणतो. पण प्रेक्षक आकडा पाहत नाही, तो शत्रू झुडपाआड आहे की नाही ते पाहतो.

आणि प्रेक्षकाची बाजूही विचारात घ्यावी. ट्विचवर नव्या प्रक्षेपकाच्या चित्राच्या कमी दर्जाच्या आवृत्त्या निघतीलच अशी हमी नसते. त्या न निघाल्यास मोबाइल डेटावर पाहणाऱ्यालाही मूळचा सारा बिटरेट ओढावा लागतो. मग इकडचे तिन्ही रकाने शून्यावर असूनही तिकडून ‘अटकतंय’ असा निरोप येतो, आणि प्रक्षेपक आपल्या निर्दोष संगणकाची झडती घेत बसतो. अशा वेळी बिटरेट ४५०० वर आणून ७२०पी पाठविणे, हा त्या दूरच्या माणसाला चित्र पोहोचविण्याचा खरा मार्ग असतो.

सेटिंग बदलायचे ते एका वेळी एकच, आणि त्याची चाचणी खेळाच्या लॉबीत घेऊ नये. तेथे सर्व काही स्थिर असल्याने कोणतेही सेटिंग उत्तीर्ण होते. गवत, पाऊस, धूर आणि भरधाव गाडी असा सर्वांत अवघड प्रसंग शोधावा, यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून तो पंधरावीस मिनिटे प्रक्षेपित करावा, शेवटी तिन्ही रकान्यांतील आकडे टिपून घ्यावेत, आणि तेच चित्र घरातील दुसऱ्या कोणाकडून वायफाय बंद केलेल्या मोबाइलवर पाहून घ्यावे.