उतारवयातील धुळाक्षरे

संस्कृताचे पाठ देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने साठी उलटल्यावर परभाषेची धुळाक्षरे गिरवावी, हा योग माझ्या कपाळी होता. जावयांची नेमणूक मेक्सिको शहरी झाल्याने, कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयता नेवासा सोडून पाच महिने तेथे राहिलो. तेथील लोकभाषा स्पॅनिश. इंग्रजीवर निभावेल, हा भ्रम दुसऱ्याच दिवशी भाजीबाजारात मावळला.

व्याकरणाने मात्र मला मोहून टाकले. 'असणे' यास त्या भाषेत दोन धातू: 'सेर' आणि 'एस्तार'. एक मूळ स्वरूप सांगावयास, दुसरा तात्पुरती अवस्था वा ठिकाण सांगावयास. आणि 'एस्तार' तर आपल्या 'स्था' धातूचाच दूरचा भाऊबंद! आदरार्थी 'उस्तेद' पुढे क्रियापद येते ते तृतीय व्यक्तीचे, जसे आपल्याकडे 'भवान् गच्छति'. हर्षाने मी चार वह्या रूपावलींनी भरल्या. बोललो मात्र एक अक्षर नाही. अशुद्ध बोलण्याची लाज! जन्मभर मुलांच्या ऱ्हस्वदीर्घांना तांबडी शाई लाविली, त्याचे हे फळ. ज्या नेवाशात ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ साध्या माणसाच्या बोलीत सांगितला, तेथल्या मास्तराची ही तऱ्हा!

एका दुपारी ही लाज भोवली. एकटाच खाणावळीत गेलो. 'सिन कार्ने', म्हणजे बिनमांसाचे, हे शब्द घोकले होते, ते उच्चारिले. ताटात आल्या मक्याच्या तोर्तिया (आपली पातळ भाकरीच म्हणा ना!), काळ्या घेवड्याची उसळ, आणि वर कोंबडीचे तुकडे! तेथे 'कार्ने' म्हटले की बहुधा गाईडुकराचे मांस समजतात. कोंबडी त्यात धरीत नाहीत. वाढणाऱ्या बाईंचा काय दोष? 'मी हे खात नाही' एवढेच म्हणावयाचे, तर रूप चुकेल या भयाने ओठ उघडेनात. पैसे ठेवून उपाशी परतलो.

आमच्या कुटुंबाने ते ऐकून कपाळावर हात मारिला. "नी पोयो, नी पेस्कादो म्हणावे, कोंबडी नको, मासा नको!" तिने वही उघडलीच नव्हती. बाजारात चिकू दिसला, त्यास तेथे 'चिकोसापोते' म्हणतात असे कळले, तेवढ्यावर फळवालीशी तिचा घरोबा जडला होता.

वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ साली याच देशी आले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाले. त्यांनी आधी रूपावली पुरी केली असेल काय? दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने शिक्षणखात्याच्या वास्तूतील भित्तिचित्रात त्यांना रंगविले आहे. परतण्यापूर्वी नातवाचे बोट धरून ते पाहावयास गेलो. समोर उभे राहताच राहवेना. पहारेकऱ्याकडे वळून, "हे माझ्या देशाचे," असे स्पॅनिशमधून बोलून गेलो. आणि क्रियापद वापरिले 'एस्तार'!

"आजोबा, सेर!" नातू भर दालनात ओरडला.

पहारेकरी हसला आणि त्याने त्यांचे नाव विचारिले. मी ते सावकाश, दोनदा सांगितले.