शेरा

भिवंडीत इंग्रजी शिकवायचं तर आवाज थोडा चढवावाच लागतो. खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट चालूच असते. एकदा एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी ‘क्लेव्हर’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील रात्रपाळी संपवून थेट शाळेत आले. केसांत सुताचा भुगा तसाच.

“सर, हे चांगलं लिहिलंय का वाईट?”

प्रश्न बिनतोड होता. ‘क्लेव्हर’मध्ये कौतुक असतं, पण भरवसा कमीच. ‘श्रूड’ला आज व्यवहार कळतो; पूर्वी तो चक्क दुष्ट होता. ‘कनिंग’ची वाट उलटी: मुळात जाणकार, आता धूर्त. ‘स्मार्ट’ म्हणजे आधी झोंबणारं. हल्ली ते फोनलाही लागतं. ‘ब्राइट’ पोरांना म्हणावं, आजोबांच्या वाट्याला ‘वाइज’.

आपल्याकडे तरी काय वेगळं? ‘शहाणा ग माझा’ म्हणत कुरवाळायचं आणि ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ म्हणत कान उपटायचा, शब्द तोच. अर्धा वाढून दीडशहाणा झाला की बिघडलाच. पेशवाईच्या काळात तर साडेतीन शहाणे मोजले गेले: पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा विठ्ठल सुंदर. नाना फडणवीस मात्र अर्धे, कारण तलवार हा त्यांचा प्रांत नव्हता.

‘इंटेलिजंट’च्या लॅटिन मुळाशी ‘मधून निवडणं’ आहे. हे मी नुसतं वाचलं होतं. पाहिलं ते पुढे त्या वडिलांच्या मागावर. उभा एक धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, हजारो सारख्या धाग्यांत बोटं फिरवली, नेमकं तेच टोक उचललं, गाठ मारली, फणीतून ओढून घेतलं. माग पुन्हा सुरू. एवढ्यात आमचं बोलणं एकदाही तुटलं नव्हतं.

‘हुशार’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. होश असलेला, सावध, तो हुशार. म्हणून तर तापातून उठलेला माणूस म्हणतो, ‘आज जरा हुशारी वाटतेय.’

पुढच्या सत्रात मी त्याच मुलापुढे मराठीत ‘हुशार’ लिहिलं. वडिलांनी या वेळी काही विचारलं नाही. सही केली आणि बारा तासांच्या पाळीवर जागायला निघून गेले.