गाळलेली मात्रा

गेल्या कार्तिकात बऱ्हाणपुरास जाण्याचा योग आला. तेथील जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ असून शके १५११ मधील तिथी दिली आहे. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा थोडी उरली होती; म्हणून मी जेपेग पद्धतीची, अगदी कमी जागेत मावणारी छायाचित्रे घेतली.

घरी येऊन ती मोठी करून पाहतो तो अक्षरांच्या कडा विरलेल्या! मात्रा कोणती आणि दगडावरचा ओरखडा कोणता, हे काही केल्या उमगेना.

१९९२ साली प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारीक फेरफार गाळून जागा वाचविते. लग्नमुंजीच्या चित्रांत त्याने बिघडत नाही. शिलालेखाचा अर्थ मात्र त्या बारकाव्यांतच वसलेला असतो. आणि एकदा गाळलेले पुन्हा हाती लागत नाही.

बऱ्हाणपूरचा दगड जागेवर आहे, हे माझे भाग्य. पुढल्या खेपेस रिकामे कार्ड नेईन, गाळणी न झालेली ‘रॉ’ प्रत घेईन. आपल्या देवळांतील झिजत चाललेल्या लेखांना मात्र अशी दुसरी खेप लाभेलच, असे कोणी सांगावे?