तेल लागलं, पुढे काय?

'तेल लागलं' हे दोन शब्द ऐकले की भल्याभल्यांची बेरीज-वजाबाकी बंद पडते. शेअर बाजारात तर विचारूच नका. मध्यंतरी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये छोट्या तेल कंपन्यांची चर्चा जोरात होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, कच्चं तेल महागलं की यांची चांदी. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे माझ्याकडे पडून होते. त्यातले काही इकडे लावावेत असं माझ्याही मनात येऊन गेलं. पण आधी कंपनी नीट वाचायची असं ठरवलं, आणि दोन वीकेंड त्यातच गेले.

वाचायला घेतली हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन. नाव सरकारी वाटतं, पण कंपनी खाजगी. एचडीएफसी उभी करणाऱ्या एच. टी. पारेख यांनीच १९८३ साली हीसुद्धा काढली.

तेल कंपनीच्या कागदपत्रांत पहिला डोळ्यात भरतो तो साठ्याचा आकडा. जमिनीखाली इतके लाख पिंप वगैरे. (एक पिंप म्हणजे साधारण १५९ लिटर.) मंडळी, इथेच जरा थांबायचं. हा साठा म्हणजे गोदामात मोजून ठेवलेला माल नव्हे. तो अंदाज असतो आणि त्याला शक्यतेची पट्टी लावलेली असते. 'सिद्ध' साठा म्हणजे निदान तेवढं निघण्याची शक्यता ९० टक्के. त्यात 'संभाव्य' मिळवला की शक्यता ५० टक्क्यांवर येते. त्याच्याही पुढचा 'शक्य' मिळवला की उरतात १० टक्के. कँटीनमध्ये कुठला आकडा फिरतो हे वेगळं सांगायला नकोच.

हे सगळं मी बाबांना फोनवर मोठ्या उत्साहात सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे रे, पण उन्हाळ्यात किती देते?"

आमचं गाव संगमनेरच्या बाजूला. तिकडे काळ्या दगडात बोअर मारतात. दगडात स्वतःचं पाणी नसतंच म्हणा ना, असतं ते भेगांमध्ये. भेग लागली की 'तीन इंची पाणी लागलं' म्हणून पेढे वाटायचे, आणि एप्रिलमध्ये मोटर नुसती हवा ओढायला लागली की गप्प बसायचं. बाबांनी अशा दोन-तीन बोअर बघितल्यात. त्यामुळे लागलं किती यापेक्षा टिकलं किती, हाच त्यांचा प्रश्न.

गंमत म्हणजे या कंपनीच्या इतिहासात अगदी हीच गोष्ट सापडली. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पीवाय-१ नावाचं तिचं गॅसचं क्षेत्र आहे. २००९ च्या अखेरीस तिथून गॅस सुरू झाला. हा गॅस नेहमीसारखा वालुकाश्मात नव्हता, तळाच्या ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये होता. सुरुवातीच्या अपेक्षा मोठ्या होत्या, पण उत्पादन टिकलं नाही, भराभर उतरलं. कंपनीला साठ्याचा अंदाज खाली आणावा लागला आणि ताळेबंदातून मोठी रक्कम काढून टाकावी लागली. शेवटी समुद्रातली काय आणि शेतातली काय, भेग ती भेगच.

अर्थात वालुकाश्मातली विहीरही उतरतेच. तेल काढलं की आतला दाब कमी होतो आणि तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण वाढत जातं. समजा एक विहीर रोज १००० पिंपं देते आणि उत्पादन दरवर्षी २० टक्क्यांनी घटतं. मग पुढच्या वर्षी ८००, नंतर ६४०, नंतर ५१२. तीन वर्षांत निम्म्यावर! म्हणजे जागच्या जागी राहायलासुद्धा कंपनीने नवी विहीर खणली पाहिजे, नाहीतर जुनीची डागडुजी तरी केली पाहिजे. मोठ्या कंपनीच्या शेकडो विहिरी असतात, त्यात एक रुसली तरी कळत नाही. याच कंपनीचं मुंबईजवळच्या समुद्रातलं बी-८० क्षेत्र २०२२ मध्ये सुरू झालं ते दोन विहिरींवर. त्यातली एक बंद पडली तर काय होईल, हे सांगायला इंजिनियरिंगची डिग्री लागत नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे वाटा. आसाममधलं दिरोक हे गॅसचं क्षेत्र ही कंपनी चालवते. २०१७ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. पण तिचा हिस्सा सुमारे २७ टक्के. बाकीचा ऑइल इंडिया आणि इंडियन ऑइलचा. 'दिरोकमधून एवढा गॅस निघतो' हे वाक्य खरं असलं तरी त्याला आधी ०.२७ ने गुणायचं आणि मगच खूश व्हायचं.

राहता राहिला तेलाचा भाव. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतला वायदा उणे ३७ डॉलरवर गेला होता आणि मार्च २०२२ मध्ये ब्रेंट १२० डॉलरच्या वर होतं. दोन वर्षांत एवढी उलथापालथ. तिचा अंदाज बांधण्याच्या फंदात मी पडलो नाही. विहिरीचं उत्पादन निदान वाचता तरी येतं. वार्षिक अहवालात कंपनीचे हिस्से आणि साठे छापलेले असतात. दोन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की उतार आपोआप दिसतो.

शेवटी मी फ्लॅटच्या पैशांना हात लावला नाही. कंपनी वाईट वाटली म्हणून नव्हे. बिल्डरला मला दीड वर्षात पैसे द्यायचेत, आणि विहीर माझ्या हप्त्याच्या तारखा बघून वागणार नाही. पावसाळ्यात तर समुद्रातली बरीचशी कामं थांबलेलीच असतात. बुडाले तरी चालेल असे पैसे कधी जमले, तर पुन्हा बघू.

तोपर्यंत तुम्हाला कुणी 'तेल लागलं' म्हणून टिप दिली, तर एवढंच विचारा. आज रोज किती निघतं? याच विहिरीतून गेल्या वर्षी किती निघत होतं? त्यातलं कंपनीचं किती? आणि पुढची विहीर कधी, कुणाच्या पैशाने? एवढ्यात समोरचा भावाबद्दल बोलायला लागला, तर चहा सांगा आणि विषय बदला..